रिकामा निघालेला लिफाफा

मी लिफाफा बोलतोय. जरा लांबूनच ऐका, माझा कोणावर विश्वास नाही.

स्टेशनरीच्या दुकानात आम्ही शंभर भाऊ एका गठ्ठ्यात होतो. कोणाच्या नशिबी प्रेमपत्र आलं, कोणाच्या नेमणुकीचं पत्र. मला मिळाली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा. त्या काळी डाव संध्याकाळपर्यंत संपला नाही, की दुसऱ्या दिवसावर जायचा. उठण्याआधी एकाने पुढची चाल चिठ्ठीवर लिहून माझ्यासारख्यात बंद करायची, म्हणजे मधल्या वेळेत कोणी लबाडी नको. माणसांचा एकमेकांवर भरवसा असता, तर मला कुत्र्यानेही विचारलं नसतं.

अजिंक्यपदाचा शेवटचा डाव असाच अडला. चाल आव्हानवीराची होती. त्याने तळहाताआड चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि सवयीने चष्मा काढून चष्म्याच्या घरात ठेवला. चष्म्याबरोबर चिठ्ठीही आत गेली. मग मला चिकटवून मोकळा झाला! मी ओरडणार होतो, पण तोंड बंद.

मी हलका लागलो तरी पंचकाकांनी मला उजेडाकडे धरलं नाही. पंचाने चाल बघायची नाही, हा त्यांचा नेम. दोघांच्या सह्या घेतल्या, मला कपाटात ठेवलं आणि चावी स्वतःच्या खिशात.

सकाळी सर्वांसमोर मला फाडलं. आत काहीच नाही. चाल नाही म्हणजे हार, असा नियम.

"मी स्वतः चिठ्ठी घातली होती!" आव्हानवीर ओरडला. "चावी कोणाकडे होती?"

सगळ्या माना पंचकाकांकडे वळल्या.

"अहो, मी चिठ्ठीला हातसुद्धा लावला नाही," ते म्हणाले.

"चोराच्या उलट्या बोंबा," मागून कोणीतरी पुटपुटलं. काकांना पुन्हा कोणी पंच म्हणून बोलावलं नाही. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

आता मी बुद्धिबळ संघटनेच्या कार्यालयात, काचेच्या कपाटात असतो. वर सगळ्या विजेत्यांचे फोटो. मागच्या महिन्यात आव्हानवीराच्या मुलीने वडिलांच्या मागे राहिलेल्या वस्तू आणून दिल्या. त्यात ते चष्म्याचं घर! उघडंच ठेवलंय माझ्या शेजारी. मखमलीच्या अस्तराखालून पिवळ्या कागदाचं टोक दिसतंय. म्हणजे त्याला चिठ्ठी नंतर सापडली होती आणि त्यानेच ती अस्तराखाली दडवली. फाडायचं मन झालं नाही आणि दाखवायची हिंमत नव्हती. माझा संशय तरी असाच आहे.

काल पंचकाका काठी टेकत आले. काचेला नाक लावून बघत राहिले. त्यांना ते टोक दिसलं.

"बाळा, कपाट जरा उघडतोस?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

कारकून हसला. "काका, दुसऱ्या कोणालाही उघडून देईन. चावीच्या बाबतीत तुमचं नाव जरा... समजून घ्या."

काका काठी उचलून निघून गेले.

म्हणून तुम्हाला सांगतोय. या, आणि चावी तुम्ही मागा. काका आहेत तोवर मागा. तुमच्यावर अजून कोणाचा संशय नाही.