धुतलेला नकाशा

“नकाशात जे नाही ते उचलायचं, एवढंच मला ठाऊक आहे, बेन,” कंत्राटदाराचा मुकादम म्हणाला आणि घामाने मऊ पडलेला कागद त्याने सरयूबेनच्या पुढे धरला. “तुमच्याच कचेरीतून आलाय. बघा ना.”

बघण्याची गरज नव्हती. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, ‘आरेखन’ या शब्दापुढे, सरयूबेनची स्वतःचीच आद्याक्षरे होती. तरीही त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि रेल्वेफाटकापासून भाजीबाजारापर्यंतचा रस्ता बोटाने पुढे सरकत वाचून काढला. नवी पायवाट, दिव्यांचे खांब, गटाराची झाकणे, कडुनिंबाच्या जागी वर्तुळे. सगळे जागच्या जागी होते. वर्तुळांच्या खाली मात्र कागद पांढराशुभ्र होता.

प्रत्यक्षात त्या कडुनिंबांच्या सावलीत सिमेंटच्या बाकड्यांची रांग होती. आज प्रत्येक बाकड्याच्या पाठीवर लाल रंगाची फुली मारलेली होती. त्या वस्तीत माणूस गेला की वर्ष सरायच्या आत घरचे लोक त्याच्या नावाने एक बाकडे देत. कोणाचे वडील, कोणाची सासू, कोणाची तापाने गेलेली लहानगी. शेवटून तिसऱ्या बाकड्यावर लिहिले होते, ‘स्व. कनुभाई छबीलदास पंचाल यांच्या स्मरणार्थ’. कनुभाई म्हणजे सरयूबेनचे पती. आणि त्यांच्या नावाला पाठ टेकून या वेळी त्यांचेच वडील, छबीलदास, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून बसलेले होते.

“कधी उचलणार?” सरयूबेननी विचारले.

“सोमवारपासून. गाडी सांगून ठेवलीय.”

“आणि ठेवणार कुठे?”

“गोदामात. तिथं काय, जुने खांब आहेत, फुटके हौद आहेत. तिथंच पडतील.”

सरयूबेननी कागद घडी घालून परत दिला. कागदावर चूक अशी कुठलीच नव्हती. चूक होती ती कागदावर यायच्या आधीची.

मोजणीची माणसे रस्त्यावर येतात तेव्हा दिसेल ते टिपून घेतात. हातगाड्या, उभ्या स्कूटरी, पाण्याचे माठ, टाकलेल्या खाटा आणि बाकडीही. हे सारे संगणकावर एका वेगळ्या थरात पडते. त्याला कचेरीत ‘चल वस्तू’ म्हणत. ज्याचा पाया जमिनीत नाही ते चल. वास्तुविशारदाकडे जाणारा नकाशा स्वच्छ हवा, म्हणून पाठवण्यापूर्वी तो थर काढून टाकायचा. “बेन, नकाशा धुऊन द्या,” असे साहेब सांगत आणि सरयूबेन धुऊन देत. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन त्या कचेरीत लागल्या तेव्हा हे काम पातीने ट्रेसिंग कागद खरवडून होत असे आणि संध्याकाळपर्यंत बोटे आखडत. आता एक कळ दाबली की झाले. आपल्याच घराजवळचा हा रस्ताही त्यांनी तसाच धुतला होता. त्या दिवशी डोक्यात गॅसचा सिलिंडर होता, दुसरे काही नव्हते. हात चुकला नव्हता. हाताने रोजचे काम केले होते. या गोष्टीचाच त्यांना शीण आला होता.

“वहू, ही फुली कसली गं?” बापुजींच्या, म्हणजे छबीलदासांच्या, शेजारून जशुभाई दरजी यांनी हाक मारली. “निवडणुकीची का? तुझा सासरा उभा राहिलाय वाटतं.”

“मी उभा राहू शकत असतो तर तुझ्याशेजारी बसलो असतो का?” बापुजी म्हणाले.

“बघ, वहू. साठ वर्षं हे ऐकतोय.”

“रंगकाम काढलंय वाटतं, काका,” सरयूबेन म्हणाल्या. खोटे बोलायला त्यांना फारसा प्रयास पडला नाही, याचेही त्यांना वाईट वाटले.

बापुजींच्या पायांत घरापासून या बाकड्यापर्यंतचेच बळ उरले होते. इथे येऊन टेकायचे, दिवेलागणीपर्यंत बसायचे, मग परतायचे. घर दोन खोल्यांचे. नातसून, म्हणजे सरयूबेनची सून, बाहेरच्या खोलीत संध्याकाळी शिकवण्या घेत असे आणि मुलांची दप्तरे उंबऱ्यापर्यंत पसरत. म्हातारा ‘फिरायला’ जातो असे सगळे म्हणत. तो बाहेर पडल्यामुळे घराला जागा होते, हे बोलून कोणी दाखवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरयूबेन कृपा मजमुदार यांना भेटायला नदीपलीकडे गेल्या. या रस्त्याची रचना कृपाबेनची होती. बाई मनाने नितळ आणि कामाला पक्क्या. पायवाट अशी आखली होती की फाटकापासून बाजारापर्यंत कुठेही पायरी चढावी लागू नये. चाकाच्या खुर्चीतला माणूसही एकट्याने जाईल. कडुनिंबांच्या मुळांना जागा मिळावी म्हणून त्यांनी रस्त्याची रुंदी कमी करायला लावली होती आणि त्यासाठी साहेबांशी दोनदा भांडल्या होत्या.

सरयूबेननी काय झाले ते सांगितले. कृपाबेननी संगणकावर नकाशा उघडला आणि पांढऱ्या जागेवर बोट ठेवले.

“माझ्याकडे आला तेव्हा कोराच होता हा भाग,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, इथं बसायला काहीच नाही बिचाऱ्यांना. म्हणून चौकात बैठक केली. ग्रॅनाइटची.”

“पाहिलीय. मधे मधे लोखंडी कड्या आहेत.”

“त्या माझ्या नाहीत. साहेबांनी घालायला लावल्या. कोणी आडवं होऊ नये म्हणून.”

“चौक लांब पडतो, कृपाबेन. म्हाताऱ्यांना.”

“तुम्ही तर तिथेच राहता. आधी बोलायचं होतं.”

“आधी मला दिसलं नाही.”

कृपाबेननी खुर्ची पुढे ओढली. “सगळी ठेवायची म्हटलं तर नवा अंदाज, नवी मंजुरी. मार्चअखेर आलीय. कामच थांबेल आणि हा सगळा रस्ता पुढच्या वर्षावर जाईल. पण एक ठेवता येईल. तुमचं. आत्ता काढते मी नकाशात, पायाच्या मापासकट. कोणी विचारणार नाही.”

“आणि बाकीच्यांचं?”

“बाकीचं कोणी माझ्यासमोर बसलेलं नाही, सरयूबेन. तुम्ही बसला आहात.”

कृपाबेनचे म्हणणे सरळ होते. सरयूबेनच्या ओठांवर ‘हो’ आले होते. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या खुणा पुसल्यावर एक खूण आपली राहिली, तर कोणाचे काय जाणार होते?

“सोमवारी सांगते,” त्या म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाला खिचडी-कढी होती. शिकवणीची मुले गेली होती. नातू आणि नातसून तिच्या माहेरी गेले होते. बापुजी पाटावर बसत नाहीत म्हणून त्यांचे ताट स्टुलावर मांडलेले असे. सरयूबेननी कढी वाढली आणि मग वाढण्याच्याच सुरात सगळे सांगून टाकले.

बापुजींनी घास संपवला. “नकाशातून तू काढलंस?”

“मी.”

“मुद्दाम?”

“नाही. सवयीने.”

“हं.” त्यांनी कढीची वाटी कलती करून पाहिली. उभे आयुष्य त्यांनी गिरणीत मागाच्या दुरुस्तीत काढले होते. “सवय म्हणजे तेच. हात कामावर असतो आणि डोकं जेवायला गेलेलं असतं. आमच्या खात्यात याच्यापायी बोटं जायची.”

“रागावला असाल तर रागवा, बापुजी.”

“रागवून काय करू? मला मीठ दे.”

मीठ देऊन सरयूबेननी कृपाबेनचे बोलणेही सांगितले. एक बाकडे राहू शकते, आपले. बापुजी मिठाचे बोट चाखत ऐकत राहिले.

“कनुचं एकटंच राहणार?”

“हो.”

“आणि जशूच्या बायकोचं?”

“जाईल.”

“मग मी बसू कसा तिथं?” ते म्हणाले. “बायकोचं उचललेलं, म्हणून तो उभा समोर. आणि मी मुलाच्या बाकड्यावर टेकून बसलेला. तो काही बोलणार नाही गं. उलट एखादा विनोद करील. तेच मला सोसायचं नाही.”

“मग तुम्ही बसाल कुठं?”

“चौकात जाईन. तुम्ही म्हणे सपाट करताय ना रस्ता.”

चौक त्यांच्या पायांना झेपणार नाही, हे दोघांनाही माहीत होते. सरयूबेननी त्यांना आणखी खिचडी वाढली. त्यांनी नको म्हटले नाही.

“गोदामात कोण बसतं?” काही वेळाने बापुजींनी विचारले.

“कोणी नाही.”

“मग तिथं नको. मोठ्या दवाखान्यात दे. कनुला ठेवला होता तेव्हा आपण कुठं बसलो होतो, आठवतं?”

सरयूबेनना आठवत होते. अंगणातल्या फरशीवर, वर्तमानपत्र अंथरून. बापुजींना खाली बसल्यावर उठता येत नव्हते आणि वॉर्डातून हाक आली तेव्हा एका अनोळखी रिक्षावाल्याने त्यांना काखेत धरून उभे केले होते.

“सगळीच देता येतील,” त्या म्हणाल्या. “घरचे हो म्हणाले तर.”

शनिवार-रविवार त्या घरोघर हिंडल्या. एकेका दारात तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायची, ‘नकाशा मीच काढला’ हे वाक्य न गाळता. कोणी चिडले, कोणी पाणी विचारले नाही, एका घरात लहानगीच्या आईने नुसती होकारार्थी मान हलवली आणि दार लावून घेतले. सरयूबेन जिन्यावर थोडा वेळ कठडा धरून उभ्या राहिल्या. मग पुढच्या घरी गेल्या. जशुभाई शिवणयंत्रावरून उठलेच नाहीत.

“माझ्या बायकोला दवाखान्याचा वासही चालायचा नाही,” ते म्हणाले. “इंजेक्शन बघितलं की मला शिव्या द्यायची. मला.” त्यांनी पायजम्याची शिवण उलटून पाहिली. “पाठव. पण औषधांच्या खिडकीजवळ नको ठेवू.”

“नाही ठेवणार, काका.”

“आणि तू जरा बैस. तोंड बघ कसं झालंय. चहा सांगतो, अर्धा तू, अर्धा मी.”

सोमवारी सरयूबेननी कृपाबेनना फोन करून ‘नको’ एवढेच सांगितले. दवाखान्याच्या अधीक्षकांची संमती त्यांनी आधीच घेतली होती. मुकादमाला गाडी कुठेही रिकामी करायची होतीच. गोदामापेक्षा दवाखाना जवळ निघाला.

चैत्र संपता संपता रस्ता पूर्ण झाला आणि तो खरोखरच चांगला झाला होता. बायका बाबागाड्या ढकलत बाजारापर्यंत जाऊ लागल्या. फाटकाजवळचा पांगळा उदबत्तीवाला आपली ढकलगाडी स्वतः चालवत चौकापर्यंत येऊ लागला. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात कृपाबेन होत्या, साहेब होते आणि कड्यांच्या बैठकीवर अंतर राखून बसलेली तीन माणसे होती.

बापुजी संध्याकाळी पूर्वीच्याच वेळेला निघत. कडुनिंबाशी पोचून खोडाला हात टेकत, श्वास घेत, आणि तिथूनच परत फिरत. जशुभाई एकदा-दोनदा त्यांच्यासोबत उभे राहिले. पण दोन म्हाताऱ्यांनी उभ्याने किती बोलावे? मग त्यांनी गिऱ्हाइकांची सबब काढली. शिकवणी संपण्यापूर्वीच बापुजी घरी पोचत आणि दप्तरांमधून काठी जपून टाकत स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसत. सरयूबेन कचेरीतून आल्या की ओट्यापासून थोड्या बाजूला सरकून पोळ्या लाटत. जागा होत असे. फक्त कोपर आवरून घ्यावे लागे.

“फिरून आलात?” त्या विचारत.

“आलो,” ते म्हणत.

एका रविवारी बापुजी आपण होऊन म्हणाले, “रिक्षा बोलाव. कनुचं बघून येऊ.”

दवाखान्याचे अंगण उन्हात पांढरे पडले होते. बाकडी भिंतीच्या कडेने मांडली होती आणि एकही रिकामे नव्हते. डबे, पिशव्या, क्ष-किरणांची मोठी पाकिटे, मांडीवर निजलेली मुले. कनुभाईंच्या बाकड्यावर एक मध्यमवयीन माणूस या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा झोपला होता. पायांत चपला तशाच होत्या. उशाशी त्याची बायको जमिनीवर बसली होती. बाकड्याच्या पाठीवर तिने धुतलेला टॉवेल वाळत घातला होता, त्यामुळे नाव दिसत नव्हते.

म्हातारा माणूस काठी टेकत येऊन थांबलेला पाहून ती गडबडीने उठू लागली. “बसायचंय का, बाबा? उठवते त्यांना. दोन रात्री जागलेत. मुलगा आत आहे आमचा.”

“नको,” बापुजी म्हणाले. “झोपू दे.”

सरयूबेनचा हात टॉवेलकडे गेला. ओला टॉवेल थोडा बाजूला सारला असता तर अक्षरे दिसली असती. बापुजींनी नकारार्थी मान हलवली आणि सरयूबेननी हात मागे घेतला.

“कितवा आहे मुलगा?” बापुजींनी त्या बाईला विचारले.

“एकुलता आहे, बाबा.”

फाटकातून रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. सरयूबेन म्हणाल्या, “ऊन फार आहे, बापुजी. निघू या का?”

“थांब जरा,” ते म्हणाले.

भिंतीची सावली आखडत आली होती आणि ऊन झोपलेल्या माणसाच्या कपाळावर पोचले होते. बापुजी काठी टेकवत दोन पावले बाजूला सरकले, पाठ उन्हाकडे करून उभे राहिले, आणि त्यांची सावली त्याच्या तोंडावर पडली.