क्वार्टरबॅक कुशल

दत्तप्रसाद अमेरिकेत शिकताना अमेरिकन फुटबॉल खेळला होता. आता तो आखाती देशातल्या खलिफा सिटीत एका हौशी संघाचा कोच होता. त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा कुशल यंदा पहिल्यांदाच क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवून पास फेकणारा खेळाडू, म्हणून सराव शिबिरात उतरला होता. दहा दिवस झाले तरी पोराची घाई जात नव्हती. समोरचे अंगावर यायच्या आतच तो चेंडू फेकून मोकळा व्हायचा.

"थांब ना जरा! घाबरतोस कशाला?" दत्तप्रसाद ओरडायचा.

"सॉरी, कोच," एवढंच कुशल म्हणायचा.

अकराव्या दिवशी ऑफिसची मीटिंग लांबली. दत्तप्रसाद पोचला तेव्हा सहायक कोच लतिका सराव घेत होती. तो कुंपणाबाहेरच थांबला. आत कुशलने अंगावर येणाऱ्यांना शांतपणे जवळ येऊ दिलं, एक पाऊल बाजूला सरकून चाळीस यार्डांचा पास थेट साथीदाराच्या हातात टाकला आणि खळखळून हसला. असं हसताना बापाने त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

भरल्या मनाने तो मैदानात शिरला. कुशलला तो दिसला. पुढचे तिन्ही पास जमिनीवर पडले.

"याला एकदम काय झालं?" लतिकाने विचारलं.

दत्तप्रसादला ते कळलं होतं. मूल्यमापनाच्या कागदावर त्याने 'मुलगा तयार आहे' असं लिहिलं आणि कागद तिला दिला. "उद्यापासून संघ तू सांभाळ. मी येणार नाही."

कुशलने कारण विचारलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी तो शीळ घालत एकटाच सरावाला निघाला. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत दत्तप्रसाद ती शीळ ऐकत उभा राहिला.