तीन नंबरच्या खोलीतली नाडी

दहावीतली बारा मुलं आठवडाभर दवाखान्यात काम शिकायला जाणार असं ठरलं, तेव्हा यादीत बारकीचं नाव शेवटचं होतं. गावाकडे डॉक्टर टिकत नाहीत, नर्स मिळत नाही, तर आपल्याच पोरांतून कुणी तयार होतंय का, हे बघायचा तो बेत होता. पहिल्या दिवशी मुलांनी रबरी पुतळ्याची छाती दाबली, दुसऱ्या दिवशी एकमेकांचा रक्तदाब घेतला. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

बारकीला मात्र नाडीचं वेड लागलं. मोठ्या सिस्टरांनी दाखवलं तशी ती अंगठ्याच्या मुळाशी बोटं टेकवायची आणि घड्याळाकडे बघत मोजत बसायची. घरी आईची झाली, बाबांची झाली, दावणीच्या शेळीवरही प्रयोग करून झाला.

"माझी तरी सोड गं," तिची मैत्रीण ढापणी करवादली. "चौथ्यांदा घेतेयस. जिवंत आहे मी!"

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बारके, शेजारच्या खोलीतल्या आजींची नाडी घेऊन ये. कागदावर लिहून आण." तेवढ्यात फोन वाजला आणि त्या वळल्या. शेजारची म्हणजे डावीकडची की उजवीकडची, हे विचारायचं राहूनच गेलं. बारकी डावीकडे गेली.

दार लोटताच बाहेरचा पाण्याचा पंप ऐकू येईनासा झाला. पडदे ओढलेले, पंखा बंद. खाटेवर एक म्हातारी बाई गळ्यापर्यंत चादर घेऊन डोळे मिटून पडली होती.

"आजी, नाडी बघू का?"

उत्तर आलं नाही. झोपमोड नको म्हणून बारकीनं चादरीखालून हळूच मनगट चाचपलं. हात गार होता आणि ताठ. सांधे धरले असतील, तिच्या मनात आलं. तिनं बोटं टेकवली. काहीच लागेना. जागा चुकली म्हणून तिनं बोटं जरा खाली सरकवली, आणि एक ठोका आला.

मग दुसरा. अगदी सावकाश. सहा ठोके, मग एक गाळलेला, मग पुन्हा सहा. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याबरोबर ती मोजत राहिली. अर्धं मिनिट झालं असेल, तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, की चादर हलत नाहीये. छाती वरही होत नव्हती, खालीही होत नव्हती. तिच्या मानेवर काटा आला. पण बोटांखाली ठोके पडत होते, आणि ते पडत असताना हात सोडणं तिला जमेना. मिनिट संपलं. चोपन्न. तिनं चादर नीट केली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

सिस्टरांनी कागद वाचला. "कुठल्या खोलीत गेली होतीस?"

"तीन नंबर."

त्यांचा चेहरा उतरला. "बाळा, त्या आजी पहाटे पाचलाच गेल्या. त्यांच्या मुलीची वाट बघतोय आपण."

डॉक्टर धावत आले. ईसीजीचं यंत्र लावलं. कागदावर सरळ रेघ उमटत गेली, हातभर. डॉक्टरांनी बाहेर येऊन बारकीच्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस. शिकाऊ माणूस बोटं जोरात दाबतो, मग स्वतःचीच नाडी लागते. माझंही झालं होतं." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

ते गेल्यावर सिस्टरांनी बारकीचं मनगट धरलं. एकशे आठ. एकही ठोका गाळलेला नाही. मग त्यांनी कपाटातून आजींची जुनी फाईल काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अकरा वर्षांपासून प्रत्येक तपासणीत तेच लिहिलं होतं: सातवा ठोका गळतो.

"ही फाईल तू कधी पाहिलीस?"

"नाही हो. कपाटाला कुलूप असतं ना?"

सिस्टरांनी फाईल मिटली. कागदाची घडी करून खिशात टाकली.

दुपारी आजींची मुलगी आली. पन्नाशीची, धुळीनं माखलेली, तीन गाड्या बदलून आलेली. तिनं एवढंच विचारलं, "जाताना कुणी होतं का जवळ? तिला एकटीला फार भीती वाटायची."

पहाटे पाचला तिथं कुणीच नव्हतं.

"मी हात धरला होता," बारकी म्हणाली.

"काही बोलली?"

"नाही. पण नाडी लागत होती. मी शेवटपर्यंत सोडला नाही."

बाईनं बारकीचे दोन्ही हात आपल्या गालांना लावले आणि मोठ्यानं रडली. सिस्टरांनी दुरुस्ती केली नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली होती. परतीच्या गाडीत ढापणी बारकीपासून लांब, मागच्या बाकावर बसली होती आणि तिनं हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतले होते. बारकी घरी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती.

"हात धुतलास?"

"तीनदा."

"उद्या जायचं नाही. एक दिवस कमी शिकलीस तर काही बिघडत नाही."

"उद्या जखम बांधायला शिकवणार आहेत."

"बारके, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते," बारकी म्हणाली. "खूप वाटते. पण आई, त्या आजींना माहीत होतं गं, मी मोजतेय ते."

सकाळी आईनं पोरीला गाडीपर्यंत सोडलं.