शिंपीकाकांचं संतपण

मी शिंपीकाकांच्या कानाचं यंत्र बोलतोय. चोंबडा म्हणा हवं तर, पण ज्याचं घरच कानाशी, त्याने ऐकू नये तर काय करावं?

काकांच्या पुतणीने मला दुकानातून आणलं. पहिल्याच दिवशी काकांना स्वतःच्या शिलाई मशीनची टकटक ऐकू आली आणि ते लहान मुलासारखे हसले. मला धन्य वाटलं. तेवढ्यात आतून अक्का बोलल्या.

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. सकाळी उठल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू. पंधरा दिवसांत काकांनी युक्ती काढली. कान खाजवल्यासारखं करायचं आणि माझी कळ दाबायची. मी बंद, म्हणजे अक्का बंद. काका गालात हसत काजं करत बसायचे. गिऱ्हाईक बायका आल्या की मात्र मला चालू करायचे. त्या म्हणायच्या, किती ऐकून घेता हो, संत आहात अगदी.

एका दुपारी त्यांनी मला घाईघाईने चालू केलं. शेजारच्या मावशी समोर ओरडत होत्या. अक्का न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. अर्धा तास हाका मारत होत्या. मावशींना त्या भिंतीपलीकडून ऐकू आल्या, आणि काका चार पावलांवर बाह्या लावत होते.

मनगट मोडलं. मावशी म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, तुमच्यासारखा संत माणूस... काकांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. ते अक्कांच्या खाटेशी जाऊन बसले.

"अक्का, मी तुझं काही ऐकतच नव्हतो. हे बंद ठेवायचो."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

अक्कांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, आता भावाचं तोंड बघणार नाहीत.

"मग आता चालू ठेव," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगते."

आणि खरंच सांगितलं. त्यात शिव्या होत्याच. पण मधेमधे, उजेडात शीव, डोळे जातील, दूध झाकून ठेवलंय, घे, असंही होतं. चार वर्षं ते वाऱ्यावर गेलं होतं.

आता मी दिवसभर चालू असतो. काका ऐकतात, वैतागतात, उलट बोलतात, आणि उठून अक्कांची वेणी घालून देतात. गिऱ्हाइकं म्हणतात, काका पूर्वीचे राहिले नाहीत. मला विचाराल तर संतपण आत्ता कुठे सुरू झालंय. न ऐकता शांत राहणं काय, ते मलाही जमतं.

माझ्या कडेला चीर गेलीय, बॅटरी लवकर संपते. संपली की काका हात वर करतात. अक्का वाक्य अर्ध्यावर सोडतात आणि नवी बॅटरी बसेपर्यंत गप्प थांबतात. त्या अक्का, बरं का! माझ्या जन्माचं सोनं झालं.