अक्काच्या भिंतीचं अस्तर

तुम्ही खोटं बोललात. डब्यावर कमळ काढलंत, कमळाखाली 'शुद्ध' लिहिलंत, आणि आत जनावराचं कातडं उकळून घातलंत. तुमचा रंगाचा कारखाना कुठं आहे मला ठाऊक नाही. तिथला साहेब गोरा आहे की आपल्यातलाच, तेही ठाऊक नाही. पण तुमच्या डब्यानं गुणमालाअक्काला तिच्या स्वतःच्या चुलीवरून उठवलं, ते मी या डोळ्यांनी बघितलं. म्हणून ऐकून घ्या.

मी आकाराम. सांगलीच्या आसपासच्या गावांत भिंती रंगवतो. मी जैन नाही. जत्रेला आमच्या घरी बकरं पडतं आणि मी ते चवीनं खातो. सरसाचं मला काही वाटत नाही. हाडं-कातडी उकळून केलेला तो चिकटा आम्ही पाण्यात विरघळवतो, रंगाआधी भिंतीला त्याचा एक हात देतो, त्याला अस्तर म्हणतो. अस्तर असलं की रंग भिंतीला धरून राहतो. तेव्हा मला वाईट वाटतं ते सरसाचं नाही, खोट्याचं.

तवनाप्पाआण्णा म्हणजे जैन घरातले हळदीचे बागायतदार, आणि गुणमालाअक्का त्यांची बायको. अक्काचा मोतीबिंदू मिरजेला काढला. नाकावर जाड भिंगाचा चष्मा घेऊन ती घरी आली आणि पहिल्यांदा स्वैपाकघरात गेली. तिथं लग्न होऊन आल्या दिवसापासूनचा धूर भिंतीवर बसलेला. भरदुपारी कंदील लागावा असा अंधार. अक्कानं सूप घेतलं, तांदूळ निवडायला बसली, आणि सूप खाली ठेवलं. तांदळातला सोंडा किडा तिला दिसेना. जे निवडता येत नाही ते शिजवायचं नाही, हा तिचा नेम. एक जीव भातात उकळला तर तिला तो घास जात नाही. तेव्हापासून दोघांचं जेवण भावकीतून येत होतं.

मुलगा धनपाल साताऱ्याला कचेरीत. तो म्हणाला, "आई, पुरे झाली आता चूल. दोघं बी साताऱ्याला चला."

"तुझ्या बायकूच्या घरात मी पाव्हणी," अक्का म्हणाली. "पाव्हणीला कुणी मीठ किती घालू म्हणून इच्यारतंय व्हय?"

पण चूल पेटत नव्हती, हे खरं होतं. रविवारी न्यायला येतो असं सांगून धनपाल गेला, आणि आण्णांनी मला बोलावलं.

"आकाराम, ही भिंत दुधागत पांढरी पायजे. अक्काला सुपातला सोंडा दिसाय पायजे."

मी भिंतीवर बोट ओढलं. बोट काळं झालं, भिंत होती तशीच. "आण्णा, आधी घासाय लागंल. मग अस्तर, मग रंग."

"अस्तरात काय असतंय?"

"सरस."

आतून अक्काचा आवाज आला, "मग नको."

"आवं अक्का, अस्तराबिगर रंग म्हंजी बंडीबिगर कोट. चार दिस बरा दिसंल, मग टोचाय लागंल."

"टोचू दे. कोट तुझा असंल, भिंत माझी हाय."

आण्णा हसले. "लगीन झाल्यापासनं असंच हाय बघ गड्या. निकाल आधी, खटला मागनं. अस्तर नको. नुसता रंग दे."

आता यात आमचं काय चुकलं ते बघा. सरस अस्तरात असतो, तेव्हा अस्तर वगळलं की सरस वगळला, असा आमचा सरळ हिशोब. मी चुन्यातला आणि गेरूतला माणूस. तुमचा भुकटीचा रंग दुसरी मोठी लढाई संपल्यावर नुकताच दुकानात परत आला होता. रंगाच्याच पोटात अस्तर दडवलेलं असेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

तरी आण्णा माझ्याबरोबर सांगलीला आले. दुकानात त्यांनी पुन्हापुन्हा विचारलं, "यात सरस न्हाई न्हवं?" दुकानदारानं तुमच्या कमळावर टिचकी मारली. "शुद्ध लिवलंय की आण्णा. कंपनीचा माल हाय." आण्णांनी पैसे मोजले. हळदीत भेसळ केली तर गाव तोंडावर थुंकतं. त्यांना वाटलं, कंपनीलाही कुठलं तरी गाव असेल.

मी भिंत घासली, भुकटी कोमट पाण्यात कालवली. कापराचा वास सुटला, बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, आरतीला येतो तसा. दोन हात दिले. रविवारी धनपाल आला तेव्हा ती खोली अशी उजळली होती की तो उंबऱ्यातच थांबला. अक्का सूप घेऊन भिंतीशी बसली आणि एकदम ओरडली, "ह्यो बघा! ह्येच्या मिशा बी दिसत्यात मला!" चिमटीत सोंडा धरून ती परसात गेली, कुंपणापाशी त्याला सोडलं. "जा बाबा. आता दुसऱ्याच्या घरी जेव."

आण्णा माझ्याकडं बघत होते. त्यांचं तोंड असं झालं होतं की जणू भिंत त्यांनीच रंगवली.

अक्कानं चूल पेटवली, भाताचं आधण ठेवलं. वाफ भिंतीला लागली, भिंत तापली. अक्का आधणात तांदूळ वैरता वैरता थांबली.

"आवं, मिरजेचा वास येतोय."

"मिरजेचा कसला वास?" आण्णा म्हणाले.

"माझ्या डोळ्यावर पट्टी हुती तवा आपण तंबोरेवाल्यांच्या गल्लीत ऱ्हायलो न्हवं? शेजारी भांड्यात कायतरी शिजायचं. तुमीच म्हणला, नाक धर, तंबोरा चिकटवायचा सरस हाय."

मी भिंतीला नाक लावलं. माझं नाक चुन्यानं कवाच मेलंय. धनपालनं हुंगलं आणि आईकडं बघितलं. मग मी उरलेली भुकटी बाहेर वाटीभर पाण्यात उकळली. कापूर उडून गेला. मागं सरसाचा जो वास राहिला तो आण्णांनाही कळला, मलाही कळला.

अक्कानं जळती लाकडं चुलीतून ओढून विझवली. भात अर्धाकच्चा. ती रडली नाही. ओसरीवर माझं घोंगडं पसरलेलं होतं, त्याच्यावर जाऊन बसली.

"आई," धनपाल म्हणाला, "कळलंच नसतं तर जेवली असतीस की."

"कळलं न्हवं पण. कळून बी जेवायचं, तर मग हे डोळं कशाला करून आणलं?"

"मग चल साताऱ्याला."

अक्कानं चष्मा काढून पदरानं पुसला. मला भीती वाटली, कारण ती 'न्हाई' म्हणाली नव्हती.

आण्णांनी धोतर वर खोचलं, कोनाड्यातलं खुरपं घेतलं आणि भिंत खरवडायला लागले.

"आण्णा, ते माझं काम हाय."

"तू कंपनीला शिव्या दे. त्या तुला चांगल्या येत्यात."

मी दोन्ही केलं. थोड्या वेळानं धनपालनं कोट काढून खुंटीला लावला आणि गरम पाण्याची घागर घेऊन तोही आला. बाप वरून खरवडतोय, लेक खालून धुतोय. कचेरीतल्या माणसाच्या कोपरापर्यंत काजळी.

ओसरीवरनं अक्कानं हाक मारली. "आकाराम, ह्ये तुझं घोंगडं एवढं ताठ कशानं रं?"

"विणताना चिंचोक्याची खळ देत्यात की."

"खळ म्हंजी चिकटाच न्हवं?"

"व्हय की."

"मग तिचं अस्तर का हुईत न्हाई?"

मी आयुष्यात केलं नव्हतं. माझ्या बापानंही केलं नव्हतं. सरस असताना चिंचोके कोण कुटत बसतो? "बघतो करून," म्हणालो.

चिंचोके भाजले, कुटले, आणि परसात तीन दगड मांडून अक्का स्वतः खळ शिजवायला बसली. धनपाल म्हणाला, "आई, भिंतीला पिठलं केलंस. आता भाकरी बी थाप."

"गप. न्हाईतर हेच तुला वाढीन."

तिला हसताना बघून आण्णांनी मान फिरवली आणि उगीचच खुरपं पुसलं.

रात्रभर धनपाल राहिला. सकाळी खळीचा हात दिला, तो सुकल्यावर गाळलेल्या चुन्याचे हात. भिंत दुधासारखी झाली नाही. ताकासारखी झाली. आणि चुलीच्या वर, कितीही चुना मारला तरी, धुराचा काळा पट्टा आतून वर येत राहिला. मला लाज वाटली. "अक्का, तेवढं जात न्हाई."

"असू दे रं. चूल कुठं हाय ते बिनचष्म्याचं कळतंय."

ती उजेडाच्या बाजूला बसली. जिथं तिला शंका आली तिथं सूप आण्णांकडं सरकवलं. आण्णा वाकून बघत म्हणाले, "ह्यो दाणा का सोंडा?"

"हलला तर सोंडा."

"हलंना झालाय."

"मग जरा दम धरा की! त्येला बी इचार करू द्या."

सूर्य मावळायच्या आत त्या चुलीवरचा भात आम्ही चौघांनी खाल्ला. मीठ जरा जास्त झालं होतं. सगळ्यांनी पुन्हा वाढून घेतलं. धनपाल एकटाच साताऱ्याला गेला.

आण्णा म्हणतात, जाऊ दे रं आकाराम. मी जाऊ देत नाही. तुमचा डबा माझ्याजवळ आहे, तळाला अजून भुकटी आहे. त्यात सरस घाला नाहीतर अमृत घाला, तो तुमचा धंदा. कुणाला चालतं, कुणाला नाही. मला चालतं. पण ते ठरवायचं ज्याच्या त्याच्या चुलीशी बसलेल्या माणसानं. कमळ काढून तुम्ही नाही ठरवायचं.

गुणमालाअक्काला अर्धं दिसतं, तरी ती निवडल्याशिवाय कुणाच्या पानात घास घालत नाही. तुम्हाला तर सगळं दिसतं. मग डब्यात काय आहे ते डब्यावर का लिहीत नाही? उत्तर द्या.