ओढ्यात रिकामी केलेली टाकी

मी एक जुनी घरगाडी आहे. मित्रांनो, घरगाडी म्हणजे पुढे स्टिअरिंग, मागे पलंग आणि मध्ये शेगडी, बेसिन, टेबल आणि एक चिंचोळं संडास असलेली मोठी मोटार. आयोवातल्या एका गावाबाहेर, मक्याच्या पत्र्याच्या कोठारामागे मी उभी आहे. बघायला येणार असाल तर नाकाला रुमाल लावून या. माझ्या सोफ्यात उंदरांनी घर केलंय. कापूस बाहेर, लेंड्या आत. छताला काळी बुरशी धरली आहे. शरद ऋतूत सोयाबीन काढून झालं की नारिंगी किड्यांचे थवे फटींतून आत शिरतात, खिडकीशी मरून पडतात आणि चिरडले की पिवळा, कुजक्या वासाचा चीक सोडतात. सगळं ओंगळ आहे खरं. पण एका माणसाने एका सकाळी जे केलं आणि पाच दिवस लपवलं, त्याच्यापुढे हे किडे मला स्वच्छ वाटतात.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. माझे पडदे शिवणाऱ्या बाया दिवसभर एकमेकींची टिंगल करत आणि हसत. शेवटी एक माणूस माझ्याखाली आडवा झाला आणि त्याने माझ्या पोटाला दोन टाक्या बसवल्या. एक भांड्यांच्या पाण्याची, एक संडासाची. टाकी किती भरली ते कळावं म्हणून बेसिनवर चार लाल दिवे लावले. ज्या टाकीचं बटण दाबलं ती जितकी भरली असेल तितके दिवे लागत. घर म्हटलं की घाण आलीच, तिची लाज मला कधी वाटली नाही. ती योग्य जागी नेऊन सोडायची, एवढंच तर काम.

मर्ल हाउगेन निवृत्त झाला त्या वर्षी त्याने आणि त्याची बायको आर्लिसने मला घरी आणलं. मर्ल बत्तीस वर्षं दुधाचा तपासनीस होता. गोठ्यात शिरायचा, कॅनच्या कडेवरून बोट फिरवायचा आणि बोट काळं निघालं की अख्खं दूध ओतायला लावायचा. सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. रस्त्यावरच्या हॉटेलात बसला की आधी सॉसच्या बाटलीचं झाकण हुंगायचा.

"मर्ल, आपण जेवायला आलोय, धाड टाकायला नाही," आर्लिस म्हणायची.

"जग घाणेरडं आहे, आर्लिस. कुणीतरी बघायला हवं."

आर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. चारशे पोरांचं जेवण रोज. ती मला ओल्या फडक्याने पुसायची, पुसताना माझ्याशी बोलायची. पहिली दोन वर्षं जिथे उतरायचो तिथे लोक माझं कौतुक करायचे. मी फुलून जायचे.

दर ऑक्टोबरला आम्ही मिसिसिपी ओलांडून विस्कॉन्सिनच्या डोंगरांत जायचो, नेडा प्रिबिलच्या सफरचंदाच्या बागेत. नेडा आर्लिसची शाळेपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यावर बाग एकटीच सांभाळायची. तिच्या आवारात शेडमागे माझी जागा ठरलेली होती. शेडच्या वर उतारावर इनॉस गिंगरिचचं कुरण होतं. इनॉस आमिश, म्हणजे वीज-मोटार न वापरणाऱ्या ख्रिस्ती पंथातला, घोडागाडी वापरणारा, चौदा गाईंवर घर चालवणारा. त्याच्या कुरणाखालून एक ओढा येऊन नेडाच्या हौदात पडायचा. त्या हौदात सफरचंदं धुवायची आणि शनिवारी त्यांचा रस काढायचा. पंचक्रोशीतली माणसं कच्चा रस प्यायला येत.

तिसऱ्या वर्षी, गुरुवारी आम्ही निघालो तेव्हाच माझी संडासाची टाकी तुडुंब भरली होती. चारही दिवे लाल. वाटेत सरकारी उद्यानात टाक्या रिकाम्या करायची जागा होती, पण तिथे साखळी लावलेली दिसली. थंडीसाठी पाणी बंद केलं होतं. दुसरी जागा चाळीस मैल मागे होती.

"मागे फिरू," आर्लिस म्हणाली.

"आता? अंधार पडायच्या आत पोचायचंय. उद्या बघतो मी."

"मर्ल, ती वास मारतेय."

"म्हटलं ना बघतो! तू नेडाच्या घरातलं संडास वापर दोन दिवस."

शुक्रवारी पहाटे दाट धुकं होतं. आर्लिस उठून नेडाच्या स्वयंपाकघरात सफरचंदं सोलायला गेली. मर्ल रबरी मोजे घालून बाहेर आला. त्याने शेडच्या कोपऱ्यावरून पलीकडे पाहिलं. मग माझ्या पोटाला जाड नळी जोडली, तिचं दुसरं टोक गवतातल्या चरात सोडलं आणि झडप ओढली.

मित्रांनो, मला तोंड नाही. नाहीतर मी ओरडले असते. माझ्या पोटातून ते सगळं गडगडत बाहेर पडलं, चर भरला आणि खाली ओढ्याकडे वाहू लागला. मर्लने नाकावर बाही धरली होती. स्वतःच्याच घाणीची त्याला किळस आली आणि ती दुसऱ्याच्या पाण्यात सोडायची मात्र आली नाही. जमेल तेवढ्या पाल्यापाचोळ्याने त्याने चर झाकला, नळी बादलीत गुंडाळून माझ्या मागच्या कप्प्यात ठेवली, हात तीन वेळा साबणाने धुतले आणि नेडाकडे नाश्त्याला गेला.

शनिवारी चाळीसेक माणसं आली. नेडाची सात वर्षांची नात लॉटी यंत्राजवळ उभी राहून कपामागून कप रिचवत होती. मी खिडकीतून बघत होते. आर्लिसने एक कप घेतला, दुसरा मर्लपुढे धरला.

"नको. पोट बरं नाही माझं."

"तुझं? तू तर सकाळी पाच सॉसेजं खाल्लीस."

"म्हणूनच बरं नाही."

ती हसली आणि दोन्ही कप स्वतःच प्यायली. तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

रविवारपासून आर्लिसचं पोट मुरडत होतं. सोमवारी लॉटीला उलट्या सुरू झाल्या. मंगळवारी गावातली आणखी अकरा माणसं आडवी झाली आणि लॉटीच्या शौचातून रक्त पडू लागलं. तिची आई तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. नेडा एका रात्रीत म्हातारी दिसू लागली. आम्ही निघणार होतो, पण आर्लिस म्हणाली, "हिला अशी टाकून जायचं नाही," आणि थांबली.

बुधवारी सकाळी नेडा पडवीत बसून म्हणाली, "पाण्यातच काहीतरी आहे. पण कुठून आलं?"

मर्लने चष्मा पुसला. त्याचा तो तपासनिसाचा आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. "नेडा, मी बत्तीस वर्षं हेच केलंय. ओढ्याच्या वर काय आहे? गाई. गाई पाण्यात उतरतात. अजून काय हवं?"

"इनॉसच्या गाई वीस वर्षं तिथेच आहेत."

"एकदा झालं तरी पुरतं."

इनॉसपर्यंत ते पोचायला वेळ लागला नाही. त्याचं दूध नेणाऱ्या डेअरीने निरोप धाडला की तपासणी होईपर्यंत कॅन उचलणार नाही. दुपारी इनॉस आला. टोपी हातात, बुटांना चिखल.

"नेडाबाई, माझ्या जनावरांमुळे पोर आजारी पडली असेल तर मी गाई विकून टाकीन. आज कुंपण मागे घेतोय."

मर्ल पुढे झाला. त्याने इनॉसच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणाच्याही हातून होतं, इनॉस. मनाला लावून घेऊ नकोस."

मित्रांनो, माझ्या पोटातून तीन वर्षांत जे गेलं, त्यातलं काहीही या वाक्याइतकं घाण नव्हतं.

आर्लिस हे सगळं पडवीतून बघून माझ्यात आली. तिला लॉटीचे खराब झालेले कपडे माझ्या बेसिनमध्ये धुवायचे होते. टाकीत जागा आहे का ते बघायला तिने बटण दाबलं, पण चुकून संडासाच्या टाकीचं. एकच दिवा लागला. तिने बटण सोडलं आणि पुन्हा दाबलं. एकच. तिने भांड्यांच्या टाकीचं बटण दाबून बघितलं, मग परत संडासाचं. मग ती कपडे हातात घेऊन तशीच खाली बसली.

मर्ल पायरी चढून आत आला.

"टाकी कुठे रिकामी केलीस?"

"काय?"

"गुरुवारी चार दिवे होते. उद्यानाला साखळी होती. आपण इथून हललेलो नाही. कुठे केलीस, मर्ल?"

"हे दिवे बिघडलेत, काहीही दाखवतात."

"शनिवारी तू रस प्यायला नाहीस."

मर्लने मागचं दार लोटून घेतलं.

"मी प्याले," आर्लिस म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "तुझ्यासमोर. दोन कप."

"मला वाटलं चरातच जिरेल. पाऊस येणार होता..."

"तुला खरंच तसं वाटलं असतं तर तू रस प्यायला असतास. लोकांच्या कॅनमध्ये जन्मभर बोटं घातलीस तू. आणि मला, चारशे पोरांना हात धुवायला लावणारीला, तू ते पाजलंस. आता तो माणूस तिकडे आपल्या गाई विकायला निघालाय आणि तू त्याच्या खांद्यावर हात ठेवतोस! तोच हात?"

"आर्लिस, आता सांगून काय होणार? माझं बत्तीस वर्षांचं नाव आहे..."

ती उठली. माझा मागचा कप्पा उघडला, बादली काढली आणि आवार ओलांडून पडवीत गेली. इनॉस अजून तिथेच उभा होता. तिने बादली दोघांच्या मध्ये ठेवली. वाळलेल्या घाणीची ती नळी वेटोळं करून पडली होती.

"नेडा, हे आमचं आहे. गाईंचं नाही." मग तिने माझ्याकडे तोंड करून हाक मारली, "मर्ल! ये. मी नाही सांगणार. तू सांग."

तो आला. पायऱ्यांशी थांबून म्हणाला, "शुक्रवारी सकाळी प्रवाहाच्या लगतच्या भागात काही प्रमाणात दूषित पाण्याचा निचरा..."

"साध्या भाषेत सांगा," इनॉस म्हणाला.

मर्लने खाली बघितलं. "मी संडासाची टाकी तुमच्या ओढ्यात सोडली. आणि तुमच्या गाईंवर ढकललं."

नेडा रडली नाही की ओरडली नाही. तिने टेलिफोन उचलून त्याच्या हातात दिला. "आधी दवाखान्यात सांग. लॉटीच्या डॉक्टरांना कळायला हवं तिच्या पोटात काय गेलंय. मग डेअरीला. मग गावात जे जे आजारी आहेत त्यांना, एकेकाला. आणि झालं की ही गाडी माझ्या आवारातून काढ."

फोन करायला त्याला दोन तास लागले. इनॉस चुन्याची पोती आणि फावडं घेऊन आला आणि चर उपसू लागला. मर्लही फावडं घेऊन गेला. इनॉसने त्याला जागा करून दिली आणि संध्याकाळपर्यंत दोघं उपसत राहिले. जाताना इनॉस एवढंच म्हणाला, "सकाळी साडेसहाला डेअरीची गाडी फाटकाशी येते. फोनवर झालं, आता तोंडाने सांगा. माझ्या पोरांसमोर."

मर्ल साडेसहाला फाटकाशी होता.

लॉटी एकोणीस दिवसांनी घरी आली. तिची मूत्रपिंडं पूर्वीसारखी राहिली नाहीत, औषधं आयुष्यभराची लागली. इनॉसच्या गाई आरोपातून सुटल्या. नेडाने पुढे कधी रस काढला नाही. आर्लिस परत यायला माझ्यात बसली नाही. ती बसने गेली. मर्लने मला एकट्याने आणलं, सहा तास, रेडिओ न लावता.

तेव्हापासून मी त्यांच्या घराशेजारच्या या कोठारामागे आहे. टाकीच्या तळाशी जे राहिलं होतं ते त्याने धुतलं नाही. हिवाळ्यात ते गोठलं, उन्हाळ्यात उकळलं, आणि माझीच मला शिसारी येऊ लागली. ती दोघं अजून एका घरात राहतात, एका टेबलावर जेवतात. आर्लिस त्याच्या हातचं पाणी घेत नाही. उठते आणि स्वतः नळावर जाते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते रोज दिसतं.

या वसंतात एक तरुण जोडपं मला विकत घ्यायला आलं. मर्लने दार उघडून दाखवलं, बुरशी पुसता येते म्हणाला, इंजिन चांगलं आहे म्हणाला.

"मग का विकताय?" त्या मुलीने विचारलं. तिचा हात माझ्या दारावर होता.

वय झालं, एवढं म्हणून तो सुटला असता. त्याने तोंड उघडलंही. खिडकीत आर्लिस उभी होती. मग त्याने सगळं सांगितलं, झडपेपासून लॉटीच्या मूत्रपिंडांपर्यंत, इनॉसच्या खांद्यावर ठेवलेल्या हातासकट, साध्या भाषेत. मुलगी ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिने माझ्या दारावरचा हात काढला, पँटला घासून घासून पुसला, आणि दोघं निघून गेली.

मर्ल खूप वेळ माझ्या पायरीवर बसून राहिला. मग उठून घरातून नळी, बादली आणि रबरी मोजे घेऊन आला. संडासाच्या टाकीत पाणी भरलं आणि मला चालू केलं. तीन वर्षांनी माझं इंजिन खोकत सुरू झालं. गावाच्या मैलाशुद्धीच्या जागेपर्यंत आम्ही गेलो. पोटातलं ते सगळं जिथे जायला हवं तिथे गेलं. त्याने टाकी सात वेळा धुतली. आम्ही परतलो तेव्हा आर्लिस अंगणात आली नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं.

मित्रांनो, घाण प्रत्येक घरात होते, तिची किळस करू नका. फक्त तुमच्या घरातली घाण कुठे जाते ते एकदा पायी चालत जाऊन बघून या. तिथलं पाणी कोण पितं ते विचारा. आणि तुमच्या हातून चूक झालीच, तर पहिल्याच दिवशी सांगा, दुसऱ्याच्या गाई विकायला निघायच्या आत. टाकी सात वेळा धुतली की स्वच्छ होते. लॉटी मात्र अजून रोज सकाळी गोळ्या घेते.