एका कुबट पिंपाची कैफियत

मित्रांनो, कारखान्यामागच्या अंगणात तुम्ही मला पाहिले असेल, तर बसायचे स्टूल समजून माझ्यावर चढलाही असाल. हरकत नाही. पण मी स्टूल नाही. मी ओकच्या लाकडाचे पिंप आहे. माझे वय एकोणीस वर्षे, आणि त्यातली चौदा वर्षे माझ्या पोटात लाल एल मुरत होती. लाल एल म्हणजे भाजलेल्या जवापासून केलेली कडक, तांबूस बिअर. ते मोठ्या माणसांचे पेय, तेव्हा तुम्ही नाक मुरडलेत तरी मला राग येणार नाही. मला सांगायचे आहे ते पेयाबद्दल थोडे आणि एका माणसाच्या नाकाबद्दल जास्त.

माझ्या फळ्या तीन वर्षे उघड्यावर उन्हापावसात पडून होत्या. मग पिंपे बांधणाऱ्या एका मिस्त्रीने त्या लोखंडी कड्यात उभ्या केल्या, मध्ये आग पेटवली, वरून पाणी शिंपडले आणि एकेक फळी वाकवली. अंग भाजून निघाले. त्या मिस्त्रीला माझे काही विशेष कौतुक नव्हते; त्याच दिवशी त्याने माझ्यासारखी आणखी चार बांधली. पण काम चोख होते. डिंक नाही, खिळा नाही, फळीला फळी अशी घट्ट की थेंब गळू नये. पहिली काही वर्षे माझ्यात वाइन होती. नंतर मला या बिअरच्या कारखान्यात आणले.

इथे पहिल्याच दिवशी नाकवाले काका भेटले. सगळे त्यांना याच नावाने ओळखत. तयार झालेली एल चाखून ती चांगली की वाईट हे ठरवणे, हे त्यांचे काम. एवढे नाव ऐकल्यावर मला वाटले, नाक निदान हातभर तरी असेल. प्रत्यक्षात तो एक किरकोळ अंगाचा, साध्या नाकाचा माणूस होता. त्यांनी माझ्या पोटावरचे बूच काढले, खाली वाकून तीन छोटे हुंगे घेतले, मग एक लांब घेतला आणि बराच वेळ तसेच राहिले. "लाकूड सच्चं आहे," ते म्हणाले. "ठेवा हे." मित्रांनो, मला तोवर पुष्कळांनी उचलले होते, ढकलले होते, गडगडत नेले होते. पण मी आतून कसे आहे हे कोणी विचारले नव्हते. त्या दिवशी मी त्यांचे झाले.

पुढे त्यांनी माझ्या दर्शनी झाकणाला बारीक भोक पाडून त्यात स्टीलचा एक खिळा ठोकला. खिळा नाही म्हणून मिरवणाऱ्याच्या कपाळीच खिळा आला. पण तो चव पाहण्यासाठी असतो. बूच उघडले तर हवा आत जाते आणि एल बिघडते. खिळा पकडीने उपसला की दोऱ्यासारखी एक लाल धार थेट पेल्यात पडते. पेला चार बोटे भरला की खिळा परत जागेवर. वर्ष पुरे होईपर्यंत खिळ्याला हात लावायचा नाही, हा काकांचा दंडक होता.

चव पाहण्याचे टेबल तळघरात आमच्या रांगेसमोरच होते. त्यावर पांढरा कागद, पाण्याचा तांब्या आणि तीन पेले. माणसेही तीनच: कारखान्याच्या मालकीणबाई, काका आणि काकांची मुलगी. मुलीची आई ती लहान असतानाच वारली होती. काकांनी तिला एकट्याने वाढवले, आणि शाळा संपल्यावर आपल्या हाताखाली शिकायला घेतले. सगळे तिला थोरली म्हणत, जरी तिच्या पाठीवर कोणी नव्हते. घरात एकच मूल असले की तेच थोरले आणि तेच धाकटे, असे काका हसून सांगत.

चाखण्याची त्यांची रीत मला पाठ आहे. आधी पेला पांढऱ्या कागदावर धरून रंग पाहायचा, फेस किती टिकतो ते पाहायचे. मग वास, तोही थोडा थोडा, कारण नाक लवकर थकते. मग पेला तळव्यांत धरून ऊब द्यायची आणि पुन्हा वास घ्यायचा. शेवटी लहानसा घोट, तो जिभेवर फिरवायचा आणि गिळायचा. घसा किती गरम होतो आणि कडूपणा मागे किती रेंगाळतो, हे गिळल्याशिवाय कळत नाही. या सगळ्यात बोलायचे नाही. ज्याने त्याने आपली चिठ्ठी लिहून घडी घालायची. मालकीणबाई चिठ्ठ्या उघडत, आणि काकांची सर्वात शेवटी, म्हणजे त्यांच्या मोठेपणाचे कोणावर दडपण नको.

आणि चेहराही कोरा ठेवायचा. हे थोरलीला काही केल्या जमत नसे. एलमध्ये काही खोट असली की तिची डावी भुवई टुणकन वर जाई. काका तिला फार बोलत. तुझी भुवई म्हणजे चौकातला फलक आहे, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावा असा, म्हणत. ती ओशाळून हसे, आणि पुढच्या वेळी भुवई पुन्हा वर. आम्ही पिंपे त्याची वाटच पाहत असू.

अशी बारा-तेरा वर्षे गेली. मला दोनदा आतून तासून पुन्हा भाजले. दर वर्षी लाल एल बारा पिंपांत मुरे, आणि चाखून पसंत पडली की सगळी एका मोठ्या टाकीत मिसळत. माझी चिठ्ठी काका कायम मोठी लिहीत. इतर पिंपांना ते आवडत नसे, पण मला काय त्याचे.

मग एका हिवाळ्यात काका तापाने अंथरुणाला खिळले. मी नुकतेच रिकामे झाले होते. रिकामे पिंप त्याच दिवशी गरम पाण्याने धुवायचे, बुरशी धरू नये म्हणून आत गंधकाची वात जाळायची आणि लगेच भरायचे, हे काका डोळ्यांत तेल घालून पाहत. ते नव्हते, तर मला गळक्या नळाजवळच्या कोपऱ्यात सरकवून सगळे विसरले. थोरली घरी वडिलांच्या उशाशी होती. दोन महिने मी तिथे ओलीत पडून होते. दोन फळ्यांच्या सांध्यात बुरशी धरली, आणि आतून कुबट वास यायला लागला. मला माझीच शिसारी आली.

काका परत आले तेव्हा मला हायसे वाटले. आता ते हुंगतील, ओळखतील, मला तासायला पाठवतील. ते आले, वाकले, बूच काढले. तीन छोटे हुंगे, एक लांब. मग तेच पुन्हा. मग तिसऱ्यांदा. "ठीक आहे," ते म्हणाले. "भरा."

तापाने त्यांचे नाक नेले होते. मला ते तिथल्या तिथे कळले, आणि दुसऱ्या कोणालाही नाही. माणसे दूर गेल्यावर ते माझ्या अंगावर हात ठेवून हळूच बोलले. मालकीणबाईंना कळले तर त्या बाहेरचा माणूस आणून चाखणाऱ्याच्या खुर्चीवर बसवतील, आणि मग थोरलीला ती खुर्ची कधीच मिळणार नाही. "अजून कच्ची आहे पोरगी," ते म्हणाले. "दोन वर्षं, फक्त दोन वर्षं रेटतो. ती तयार झाली की माझं मीच सांगेन." मी कुबट आहे हे मला ओरडून सांगावेसे वाटले. पण मी पिंप. माझ्यात एल भरली गेली.

पुढचे वर्षभर त्यांनी कसे निभावले ते मी समोरून पाहिले. रंग आणि फेस डोळ्यांना दिसतो. आंबट-गोड-कडू जीभ सांगते. घशातली ऊब तर कोणालाही कळते. राहता राहिला वास. त्यासाठी त्यांनी शेजारी बसणाऱ्या थोरलीची खुर्ची समोर हलवली. कारण विचारले तर म्हणाले, उजेड चांगला आहे तिकडे. आणि कारखान्याच्या बाकीच्या बिअर चाखताना ते पेल्यावरून तिच्या डाव्या भुवईकडे पाहत. ती वर गेली की चिठ्ठीत खोट लिहीत, नाही गेली की कौतुक. भुवईबद्दल रागावणे त्यांनी सोडूनच दिले. थोरलीला आधी वाटले, बाबा आजारपणाने निवळले.

वर्ष भरले. दुपारी जिन्यावरच्या खिडकीतून उजेड येत होता तेव्हा माझा खिळा उपसला. धार पडली, तीन पेले भरले. रंग तर नेहमीसारखाच देखणा होता. कुबटपणाला रंग नसतो, चवही नसते, तो फक्त नाकाला कळतो. माझा जीव टांगणीला लागला होता.

थोरलीने पेला नाकाशी नेला. तिला पहिल्याच हुंग्याला कळले असणार, कारण पेला धरलेली तिची बोटे आवळली गेली. पण मित्रांनो, भुवई हलली नाही. काय केले असेल तिने? पुढे कळले की ती कित्येक महिने घरी आरशासमोर बसून, व्हिनेगर आणि ओले पुठ्ठे हुंगत, चेहरा कोरा ठेवायचा सराव करत होती. बाबा आता रागावत नाहीत, म्हणजे त्यांनी आशा सोडली, असे पुढे तिने मनाला लावून घेतले होते. त्या दिवशी तिला त्यांना खूश करायचे होते.

काकांनी तो शांत चेहरा पाहिला आणि निश्चिंतपणे लिहायला घेतले.

मालकीणबाईंनी आधी स्वतःची चिठ्ठी वाचली: काहीतरी बरोबर नाही. मग थोरलीची: कुबट, बुरशीचा वास, टाकीत मिसळू नये, मिसळल्यास अकराही पिंपांची एल जाईल. मग काकांची. ती नेहमीसारखी मोठी होती. त्यात सुका मेवा होता, जळकी साखर होती, आणि शेवटी लिहिले होते, या वर्षीचे सर्वात उत्तम पिंप, बिनधास्त मिसळा. मालकीणबाईंचा आवाज वाचता वाचता बारीक होत गेला.

काका थोरलीकडे पाहत होते.

"तुझी भुवई का नाही हलली?" त्यांनी विचारले.

"तुम्हीच सांगत होता ना बाबा," ती म्हणाली, "हलता कामा नये म्हणून."

मग तिच्या लक्षात आले. समोर हलवलेली खुर्ची, सोडून दिलेला राग, सगळे एकदम. तिच्या चेहऱ्यावर काय काय उमटले ते मला बघवले नाही. काकांनी आपली चिठ्ठी परत मागून घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि उभे राहिले. "बाई," ते मालकीणबाईंना म्हणाले, "मला वर्षभर वास येत नाही. मी तुम्हाला फसवलं. पण पोरगी तयार झाली आहे, हे मी आज स्वतः पाहिलं. खुर्ची तिला द्या." आणि ते जिना चढून गेले. त्या खुर्चीवर ते पुन्हा बसले नाहीत.

थोरलीला खुर्ची मिळाली. बाकीची अकरा पिंपे वाचली. माझी एल मोरीत ओतली, आणि तांबडा फेस बराच वेळ जाळीवर राहिला. बुरशी लाकडात खोल गेली होती, तासून निघण्यासारखी नव्हती. मला अंगणात आणून ठेवले. काकांचे आणि माझे दुखणे एकाच हिवाळ्यातले, आणि एकाच दुपारी दोघे कामातून गेलो.

परवा काका अंगणात आले होते. थोरली त्यांना हाताला धरून घेऊन आली. दोघे माझ्याजवळ बसले. तिने विचारले, "मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारशील असं वाटायचं," ते म्हणाले. "भाजीत मीठ वाढवलं, चहा नुसता गरम पाण्यासारखा प्यायचो, दूध उतू जाऊन करपलं तरी शेजारी बसून राहिलो. वाटायचं, आज विचारेल. मग तेही वाटायचं बंद झालं."

ती रडली. त्यांनी तिला रडू दिले. मग माझे बूच काढायला सांगितले. "काय येतंय, सांग मला," ते म्हणाले. तिने नाक पुसले, वाकून हुंगले आणि सांगू लागली. वर ओल्या गोणपाटासारखे आहे. त्याच्या खाली व्हॅनिला आहे, अगदी पुसट. त्याच्याही खाली नुकत्याच तासलेल्या लाकडासारखे काहीतरी. तिच्या शेजारी काकाही वाकले होते, डोळे मिटून, नाक माझ्या तोंडाशी लावून. "सावकाश सांग," ते म्हणाले. "मला घाई नाही."

मित्रांनो, मला पुन्हा कोणी भरणार नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्याकडे एकच मागणे आहे. घरातले कोणी आजारातून उठले, की आता बरे वाटते ना, एवढे विचारून खेळायला पळू नका. जवळ बसा आणि पूर्वीचे काय काय हरवले ते विचारा. मला वाचा नव्हती. काकांना होती, आणि तरी त्यांनी एक वर्ष वाट पाहिली.